वरचं तिकीट

भीती वाटली हे कबूल करायला मला आयुष्यात कधी आवडलं नाही. पण त्या दुपारी साडेतीन वाजता मी गिरणीच्या माग खात्यातल्या एका खांबाला पाठ टेकून उभी होते आणि मला भीती वाटत होती, हे खरं आहे. हातात धोटा होता, मागावर सूत घेऊन इकडून तिकडं पळतो तो लाकडी धोटा. मी तो इतका घट्ट धरला होता की त्याचं लोखंडी टोक तळहातात रुतलं होतं. समोर, वरच्या काचेच्या केबिनमध्ये दोन माणसं बोलत होती आणि त्यांचं बोलणं मला दिसत होतं.

दिसत होतं असंच म्हणते, कारण ऐकू येण्याचा प्रश्नच नव्हता. हे नीट समजायचं तर थोडं मागचं सांगावं लागेल.

आमची गिरणी बंद पडून एकोणीस वर्षं झाली. इतकी वर्षं ती तशीच पडून होती. मग यंदा एक नाटकमंडळी आली. त्यांना रंगमंच नको होता, गिरणीच हवी होती. प्रेक्षकांनी गेटमधून आत यायचं, कामगारांसारखं एकेका खात्यातून फिरायचं आणि जे जिथं घडलं ते तिथंच उभं राहून बघायचं, अशी त्यांच्या दिग्दर्शक बाईंची कल्पना. बाईंचं वय बत्तीस-तेहतीस, बोलणं गोड, पायाला भिंगरी. नटांबरोबर त्यांना आम्ही जुनी माणसंही हवी होती. आम्ही पाच जण मिळालो. बाकीचे एक तर या जगात नव्हते, नाही तर त्यांना त्या गेटचं तोंड बघायचं नव्हतं.

तिकिटं दोन प्रकारची. खालचं तिकीट घेणाऱ्यानं मागच्या गेटनं यायचं, छातीवर नंबरचा बिल्ला लावायचा, झडती द्यायची आणि मागांच्या मधे उभं राहायचं. वरचं तिकीट घेणाऱ्यानं ऑफिसच्या दारानं यायचं, साहेबांच्या जिन्यानं वर चढायचं आणि गॅलरीत खुर्चीवर बसून खाली बघायचं. कामगार आणि साहेब यांच्यातलं अंतर लोकांच्या अंगाला कळलं पाहिजे, असं बाई म्हणायच्या. मी म्हटलं, अंगाला कळायचं तर त्यांना बारा तास उभं करा आणि मुतायला सोडू नका. त्यांनी हसून ते वहीत लिहून घेतलं.

गॅलरी कशी होती तेही सांगते. साहेबांचा जिना कोपऱ्यात. तो चढला की केबिन, पक्क्या बांधकामावरची. केबिनच्या दारापासून पुढं भिंतीच्या कडेनं लांबलचक लोखंडी गॅलरी जाते. तिला खालून खांब नाहीत. भिंतीत रोवलेल्या सहा ब्रॅकेटांवर ती तोललेली आहे. आमच्या वेळी तिच्यावरून फार तर दोन साहेब फिरायचे. आता तिथं खुर्च्यांच्या दोन रांगा मांडल्या होत्या.

आता बोलण्याचं. माग खात्यात दोनशे चाळीस माग एकदम चालायचे. तिथं शेजारणीच्या कानात ओरडलं तरी तिला कळत नसे. म्हणून आम्ही ओठांनी बोलायचो. तोंड मोठं उघडायचं, शब्द सावकाश ओठांवर आणायचा आणि आवाज काढायचाच नाही, कारण उगाच घसा कशाला फोडायचा. चाळीस पावलांवरच्या बाईला मी तिच्या सुनेचं गाऱ्हाणं सांगायला लावत असे आणि तिच्या सुनेच्या कानावर काही पडत नसे, तीही त्याच खात्यात असली तरी. माझं तोंड सगळ्यांत मोठं उघडायचं म्हणून मला सगळे तोंडाळ म्हणायचे. सव्वीस वर्षं असं बोलल्यावर ती सवय घरीही येते. माझी लेक बोलायला लागण्याआधी माझे ओठ वाचायला शिकली. शाळेत जायला लागल्यावर मात्र मैत्रिणींसमोर ती माझ्यावर चिडायची. "आई, आवाज काढून बोल ना," म्हणायची. मी काढायचे. थोड्या वेळानं विसरायचे.

केबिनमधल्या साहेबांना वाटायचं, काच लावली म्हणजे झालं. ते आत काय बोलतात ते सगळं आम्हाला कळायचं. कुणाला काढणार, कुणाची पाळी बदलणार, मालक कधी येणार. खात्याचा एकच नियम होता, की आपल्याला कळतं हे वर कळू द्यायचं नाही. त्यांना ताकास तूर लागू दिली नाही आम्ही. एकदा केबिनमध्ये इंजिनिअर साहेबाला म्हणाला की चौथ्या रांगेचा पट्टा विरलाय, आजच बदला. साहेब म्हणाला, शनिवारपर्यंत ओढा. आम्ही तिघींनी वाचलं. तक्रार केली असती तर दुसऱ्या दिवशी काचेला पडदे लागले असते. चौथ्या रांगेत वहिनी होती, सगळ्यांची वहिनी. तिच्या पोटात काही राहत नाही म्हणून तिलाही सांगितलं नाही. गुरुवारी पट्टा तुटला आणि तिचा उजवा हात कोपरापासून गेला. ती अजून आहे, दोन गल्ल्या पलीकडं राहते. तिच्या दारावरून जाताना मी भरभर चालते.

तर त्या दुपारी, पहिल्या प्रयोगाच्या तासभर आधी, केबिनमध्ये दिग्दर्शक बाई होत्या आणि त्यांनी नेमलेला इंजिनिअर होता. मी खाली माझ्या मागाशी. इंजिनिअरचा चेहरा काचेकडं होता.

"तिसरा ब्रॅकेट भिंतीतून सुटतोय," तो म्हणत होता. "मागच्या फटीत माझं बोट गेलं."

बाई म्हणाल्या, "गेल्या महिन्यात तुम्हीच तर बघून गेलात."

"तेव्हा वर खुर्च्या नव्हत्या. आता चाळीसच्या वर एक माणूस नको."

"आज चौसष्ट आहेत. पहिला प्रयोग आहे. मी कुणाला परत पाठवू?"

"मी तसं लिहून देणार नाही."

"नका देऊ लिहून. फक्त आजच्या दिवस काही बोलू नका. उद्या सकाळी टेकू लावून घेते."

मग इंजिनिअरनं पाठ फिरवली. पाठ फिरवलेल्या माणसाचं आम्हाला काही कळत नाही. पुढं तो काय बोलला कोण जाणे. जरा वेळानं जिना उतरून तो फाटकाबाहेर निघून गेला. वर चौसष्ट खुर्च्या होत्या तशाच राहिल्या. मी त्या दोनदा मोजल्या.

मी घाबरले ती त्या चौसष्ट जणांसाठी नव्हे. खरं तेच सांगते. त्यांतल्या तीन खुर्च्या माझ्या माणसांच्या होत्या. माझी लेक येणार होती, तिचे सासू-सासरे येणार होते. जावई परगावी होते. लेकीला घर चांगलं मिळालं होतं, दोन पिढ्या शिकलेलं, हळू आवाजात बोलणारं. तिनं त्यांना इतकंच सांगितलं होतं की आई कापडाच्या धंद्यात होती. नाटकाचं त्यांनीच पेपरात वाचलं, माझा फोटो बघितला आणि कौतुकानं तिकिटं काढली. वरची. लेक आदल्या दिवशी घरी येऊन बसली होती. "आई, ते येतायत. जरा सांभाळून हं," एवढंच म्हणाली. काय सांभाळायचं ते तिनं सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

तिला फोन करावा तर माझा फोन घरी. त्यातलं मला धड ऐकू येत नाही म्हणून मी तो बरोबर घेतच नाही. शिवाय येणाऱ्यांचे फोन दारातच पिशवीत काढून ठेवणार होते, तेही नाटकातच धरलेलं.

मी बाईंना गाठलं. त्या जिन्याच्या तळाशी गालिचा अंथरून घेत होत्या.

"ताई, वर किती माणसं बसणार?"

"चौसष्ट, मावशी. एकही खुर्ची रिकामी नाही."

"एवढ्यांना धरेल ना ती गॅलरी?"

त्यांच्या चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नाही. "इंजिनिअरनी आत्ताच बघितलीय. तुम्ही नका काळजी करू. तुमचा प्रवेश आठवतोय ना?"

मी वाचलंय, असं म्हणायचं होतं. शब्द दातांपर्यंत आला आणि अडकला. इतक्या वर्षांचं तोंडाला लावलेलं कुलूप, ते सहजासहजी उघडत नाही. आणि दुसरंही एक होतं. माझ्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे. चुकीचं वाचलं असेल तर? पहिल्याच प्रयोगाला, व्याह्यांच्या देखत, म्हातारीला भ्रम झाला म्हणून मला बाहेर काढलं तर? लेकीला काय तोंड दाखवू? मी मान हलवली आणि परत मागाशी आले. माझाच मला राग आला, पण भीती त्याहून मोठी होती.

आमचा जॉबर होता तिथं. पूर्वी आमच्या रांगांवर देखरेख करायचा. आता चौऱ्याहत्तरचा, कानांनी पार गेलेला, पण ओठ माझ्याहून बरे वाचतो. मी त्याला आवाज न काढता सगळं सांगितलं.

तोही तसंच बोलला. "सांगणार कुणाला? काचेतून वाचलं म्हणून? कोण ऐकणार?"

"मग काय करायचं?"

"खालची माणसं मी त्या भिंतीपासून लांब ठेवतो. वरच्यांचं वरचे बघतील."

"जॉबर, वर माझी लेक बसणार आहे."

 त्यानं वर गॅलरीकडं बघितलं आणि खिशातला रुमाल काढून मान पुसत राहिला.

साडेचारला भोंगा झाला. खालची माणसं बिल्ले लावून आत आली, साठ-सत्तर असतील, बहुतेक तरुण. जॉबरनं त्यांना ओळीत उभं करून आमच्या खुणा शिकवल्या. दोन्ही हात डोक्यावर आडवे धरले की माग बंद करून मागं सरायचं, ही त्यातली पहिली. सगळे हसत हसत करत होते. एरवी मलाही मजा वाटली असती. माझे डोळे गॅलरीवर होते.

वरचे लोक आले. हातात थंड पेयाचे पेले, अंगावर इस्त्रीचे कपडे. त्यांचे बूट लोखंडावर पडत होते आणि मी माणसं मोजत होते. माझी लेक निळ्या कपड्यात होती. तिच्या एका बाजूला विहीणबाई, दुसऱ्या बाजूला काठी घेतलेले व्याही. त्यांच्या खुर्च्या दुसऱ्या रांगेत मधोमध होत्या. मी खालून ब्रॅकेट मोजले. एक, दोन, तीन. बरोबर तिसऱ्यावर.

विहीणबाईंनी मला बघून हात हलवला. मीही हलवला.

मग कर्णे सुरू झाले. दोनशे चाळीस मागांचा आवाज बाईंनी कुठून तरी मिळवला होता आणि तो पुरा सोडला होता. फरशी थरथरायला लागली. माझा प्रवेश असा होता: मी मागाशी उभं राहून ओठांनी दिवसभराची बातमी सांगायची. खालच्या लोकांच्या हातात ती छापलेली दिली होती, वरच्यांना दिली नव्हती. खाली काय चाललंय हे साहेबांना कधी कळलंच नाही, हे दाखवायचं होतं. कल्पना चांगली होती, ते मी नाकारत नाही.

मी सुरुवात केली. आज मालक येणार, तिसऱ्या रांगेतलीला मुलगी झाली, पाण्याचा नळ पुन्हा बंद. पाठ होतं म्हणून ओठ आपोआप चालत होते. तेवढ्यात वरच्या खिडकीतून येणाऱ्या उन्हात मला काहीतरी पडताना दिसलं. आधी वाटलं, धूळ. मग ते तांबडं दिसलं. तिसऱ्या ब्रॅकेटच्या मुळाशी भिंतीतून गंजाचा चुरा गळत होता, थोडा गळून थांबायचा, वर कुणी खुर्ची सरकवली की पुन्हा गळायचा.

 बातमी अर्ध्यावर सोडली आणि मी लेकीकडं तोंड केलं.

"खाली ये," मी ओठांनी म्हटलं. "आत्ता. ऊठ आणि खाली ये."

तिला कळलं. तिच्या भुवया वर गेल्या. विहीणबाईंकडं एक नजर टाकून तिनं अगदी बारीक ओठ हलवले. "आई, नको ना. आज नको."

तिला वाटलं, मी तिला सगळ्यांसमोर खाली बोलावतेय. ही माझी मुलगी, बघा हिलाही कसं वाचता येतं, असं काहीतरी दाखवणार. मी पूर्वी असं केलेलं आहे, तिच्या कॉलेजात, तिच्या मैत्रिणींसमोर. तिचा दोष नाही.

"गॅलरी पडेल," मी म्हटलं. "गॅलरी—"

तिनं मान फिरवली. सासऱ्यांकडं वळून त्यांना काहीतरी दाखवायला लागली. मला तिचे केस आणि एक कान तेवढा दिसत होता. मला तिच्यापर्यंत पोचायची तीच एक वाट होती आणि ती बंद झाली.

मग मी ओरडले. जिवाच्या आकांतानं, पोटातून. सगळ्यांनी खाली या, पडेल ते, पळा. दोनदा, तीनदा. माझ्यापासून हातभर अंतरावर एक बिल्लेवाली मुलगी उभी होती. ती हातातला कागद आणि माझं तोंड यांची जुळणी करत होती, गोंधळली होती, पण हसत होती. दचकली वगैरे अजिबात नव्हती. मला शंका आली. मी गळ्यावर हात ठेवला आणि पुन्हा ओरडले. गळा थरथरत नव्हता. मागांचा तो आवाज कानी पडला होता आणि माझा घसा सव्वीस वर्षांच्या शिस्तीनं गप्प बसला होता. मी नुसती तोंड उघडत होते. खालचे लोक टाळ्या वाजवायला लागले.

तेव्हा जी भीती वाटली तशी मला कधीच वाटली नाही, नवरा गेला तेव्हाही नाही. मी माग सोडला आणि जिन्याकडं निघाले.

जिन्याशी रखवालदार होता, म्हणजे रखवालदाराचं काम करणारा नट. धिप्पाड पोरगा. त्यानं हात आडवा केला. "वर जायची परवानगी नाही. कामगार खाली." शिवाय डोळा मारला मला. त्याला वाटलं, म्हातारीनं ऐन वेळी काहीतरी नवीन घातलंय, आपणही रंगवू. मी डावीकडून गेले, तो डावीकडं सरला. उजवीकडून गेले, उजवीकडं सरला. फार छान काम करत होता. मी धोट्याचं टोक त्याच्या मनगटावर हाणलं. तो कळवळून बाजूला झाला आणि मी त्या जिन्यावर पाय ठेवला. सव्वीस वर्षांत एकदाही ठेवला नव्हता.

वर आवाज निम्माही नव्हता. वरच्या लोकांना त्रास नको म्हणून कर्णे खालीच लावले होते. गॅलरीच्या तोंडाशी मात्र माझे पाय अडले. चाळीसच्या जागी चौसष्ट, आणि आता मी पासष्टावी. माझ्याच वजनानं ती सुटली तर? मी भिंतीला हात लावून एक पाय टाकला, मग दुसरा. लोक खुर्च्या सरकवून मला वाट देत होते आणि हसून बघत होते. एकानं माझ्या पाठीवर थोपटलं.

मी लेकीचं मनगट धरलं. "ऊठ."

"आई, सगळे बघतायत," ती दातांत म्हणाली. "घरी बोलू ना आपण."

"बसा ना विहीणबाई," तिची सासू सरकली. "काय सुंदर काम करता तुम्ही."

मी लेकीसमोर तोंड नेलं. "तिसरा ब्रॅकेट सुटलाय. केबिनमध्ये बोलले ते. मी वाचलं."

मी वाचलं म्हणजे काय, हे त्या गॅलरीत तिला एकटीलाच कळत होतं. तिनं माझ्या डोळ्यांत बघितलं, आणि मग केबिनकडं. तिथं दिग्दर्शक बाई काचेला टेकून उभ्या होत्या आणि कर्ण्यांचं बघणाऱ्या माणसाला काहीतरी सांगत होत्या. त्यांचा चेहरा कागदासारखा पांढरा झाला होता. आम्ही दोघींनी एकदमच वाचलं.

"ती वर कशी गेली? तिला हळूच उतरवा. नेमकी त्या सुटलेल्या ब्रॅकेटवर उभी आहे ती."

लेक उभी राहिली. तिचा आवाज जराही डळमळला नाही. तिला कचेरीत वीस-वीस माणसांसमोर बोलायची सवय आहे.

"सगळ्यांनी ऐका. हा नाटकाचा भाग नाही. गॅलरी सुटतेय. पेले तिथंच ठेवा आणि जिन्याजवळच्यांनी आधी, एकेक करून खाली उतरा. पळू नका."

पुढच्या रांगेतला एक माणूस मागं वळला. "तुम्ही यांच्यातल्याच का?"

"नाही. मी तुमच्यासारखीच तिकीट काढून आलेय. उठा."

आणि लोक उठले. तिच्या एका बोलण्यावर उठले. माझ्याकडं बघून ते हसले होते, मला थोपटलं होतं. तिचे कपडे, तिची भाषा, हात वर करायची तिची पद्धत, हे सगळं त्यांच्यातलं होतं म्हणून त्यांना ते खरं वाटलं. त्या घाईतही हे मला लागलं आणि त्या घाईतही मी देवाचे आभार मानले.

"तुला कुणी सांगितलं?" व्याह्यांनी विचारलं.

"मला ओठ वाचता येतात, बाबा. आई मागावर होती. तिनं शिकवलं."

विहीणबाईंनी एकदा तिच्याकडं आणि एकदा माझ्याकडं बघितलं. 

मी लेकीला ओढायला लागले. "तू चल आधी. चल."

तिनं हात सोडवून घेतला. "तू जिन्याच्या तोंडाशी जा. तिथं गर्दी होऊ देऊ नकोस. सासूबाईंना घेऊन जा. बाबांचा गुडघा दुखतो, त्यांना मी आणते."

"अगं पण—"

"आई, जा."

मी गेले. तिला सगळ्यांत आधी उतरवायला मी वर आले होते आणि आता ती सगळ्यांत शेवटी राहणार होती. जिन्याच्या तोंडाशी उभी राहून मी माणसं मोजायला लागले. वीस. एकतीस. एक बाई पर्स विसरली म्हणून मागं फिरत होती, तिला मी पुढं ढकललं. चव्वेचाळीस. खाली बघितलं तर जॉबर दोन्ही हात डोक्यावर आडवे धरून उभा होता आणि ती सगळी बिल्लेवाली पोरं शिकवल्याप्रमाणं मागं मागं सरत होती, निमूट, अजूनही खेळच समजून. गॅलरीखालची फरशी रिकामी झाली होती. एकोणसाठ, साठ, एकसष्ट. विहीणबाई बासष्टाव्या. त्या जिना उतरल्या नाहीत, माझा दंड धरून थांबल्या.

उरले दोघं. व्याही काठी टेकत एकेक पाऊल टाकत होते. लेकीनं त्यांचा हात खांद्यावर घेतला होता. दहा पावलं असतील. मी बघत असतानाच त्यांच्या मागची गॅलरी वीतभर खाली गेली. मागांच्या आवाजात तिचा आवाज काही आला नाही, ती नुसती खाली गेली. व्याह्यांची काठी सुटून कठड्याखालून निघून गेली. ते खाली बसायला लागले. लेकीनं त्यांच्या काखेत डोकं घालून त्यांना उचललं. मला वाटलं, आता ती मान वर करून माझ्याकडं बघेल. तिनं बघितलं नाही, ती पायांखाली बघत होती. विहीणबाईंची नखं माझ्या दंडात रुतली होती. मी ओरडत होते की नुसतं तोंड उघडत होते, मला माहीत नाही. चार पावलं. दोन. मी आणि विहीणबाईंनी मिळून त्या दोघांना उंबऱ्याच्या आत ओढलं आणि आम्ही चौघं केबिनच्या दारात एकमेकांच्या अंगावर पडलो.

त्यानंतर गॅलरीचा मधला भाग गेला. खुर्च्या, पेले, एक लाल पर्स, सगळं घसरत खाली आलं आणि रिकाम्या फरशीवर पडलं. मग कुणीतरी कर्णे बंद केले. इतकी शांतता त्या खात्यात मी कधी ऐकली नव्हती. दिग्दर्शक बाई आमच्याजवळ आल्या, काहीतरी म्हणाल्या. त्यांनी दोन्ही हात तोंडावर धरले होते, त्यामुळं मला काही कळलं नाही.

खाली आल्यावर अंगणातल्या पायरीवर आम्ही बसलो. व्याह्यांना कुणीतरी पाणी आणून दिलं. विहीणबाई त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होत्या आणि मधेच माझाही हात दाबत होत्या. पोलीस येतील, असं कुणीतरी म्हणत होतं. लेकीच्या गालावर गंजाचा डाग होता. मी तो पुसायला गेले. तिनं माझा हात धरून खाली ठेवला.

"तुला कधी कळलं होतं?" तिनं विचारलं.

"साडेतीनला."

 सासू-सासरे शेजारी बसले होते म्हणून असेल, पुढचं तिनं आवाज न काढता विचारलं. किती वर्षांनी ती माझ्याशी तशी बोलत होती. ओठ स्वच्छ हलले, एक अक्षरही निसटलं नाही.

"आणि खालून तू फक्त मलाच बोलावलंस?"

मी तिला सांगू लागले की नंतर मी सगळ्यांसाठी ओरडले होते, आवाजच निघाला नाही. ती ऐकत होती. पण आधी एकटीला बोलावलं होतं, ते तिनं वाचलं होतं.

"तू माझी लेक आहेस," मी म्हटलं.

"वर चौसष्ट जण होतो, आई."

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. ती माझ्या ओठांकडं बघत थांबली होती. गॅलरी पडून गेली होती, सगळी माणसं धडधाकट होती, आणि तरी माझी भीती गेली नव्हती. आता मला तिचीच भीती वाटत होती.